नानांना भेटण्यासाठी केलेला दावा

वडिलांना भेटण्यासाठी कोर्टात गेले असं सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "इस्टेटीचं भांडण होतं का?" होतं. पण ते भांडण आणि ही भेट, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या म्हणूनच नाना असेपर्यंत मला त्यांच्याजवळ बसता आलं. हे लिहायला बसले त्याचं कारण तेवढंच. आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत. अशा वेळी नेमकं कुठे जायचं हे सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. जो तो वेगळं दार दाखवतो, आणि प्रत्येक दारात दोन-चार दिवस जातात.

नाना शाळामास्तर होते. आई गेल्यावर ते दादाकडे राहायला गेले. पार्किन्सन होताच. त्यात न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मग ते उठलेच नाहीत. दादा आणि वहिनी दोघंही नोकरी करणारे. त्यांनी नानांना एका सेवाशुश्रूषा केंद्रात ठेवलं. हा निर्णय मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. दर दोन तासांनी कूस बदलावी लागणारा, नळीने लघवी होणारा माणूस घरात सांभाळणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. मी दुसऱ्या जिल्ह्यात राहते. जमेल तशी जायचे, जाताना त्यांच्या कानाला लावायचं तेल आणि धुतलेले मऊ पंचे न्यायचे.

मग हक्कसोडपत्राचा विषय निघाला. गावचं घर आणि थोडी जमीन नानांच्या नावावर. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच वाटा आला, तरी आमच्याकडे बहिणीने सही करून द्यायची ही रीत अजून चालूच आहे. मी नाही म्हटलं नव्हतं. एवढंच म्हणाले, की नाना असेपर्यंत कुठल्याच कागदाला हात लावायला नको. दादाने याचा अर्थ वेगळा घेतला. मी नानांना एकटं गाठेन आणि कशावर तरी त्यांचा अंगठा घेईन, अशी भीती त्याच्या मनात बसली.

पुढच्या खेपेला केंद्राच्या फाटकावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. व्यवस्थापकांनी मला ऑफिसात बसवलं, पाणी दिलं आणि नानांचा प्रवेश अर्ज समोर ठेवला. 'भेटीची परवानगी असलेल्या व्यक्ती' या रकान्यात दादा-वहिनींची नावं होती. त्याखाली वेगळ्या शाईच्या पेनाने लिहिलं होतं, 'इतर कोणासही नाही'. आणि दादाची सही. सोबत मुखत्यारपत्राची, म्हणजे नानांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दादाला देणाऱ्या कागदाची, झेरॉक्स जोडलेली. "ताई, सही त्यांची आहे, बिल ते भरतात. आम्ही घरच्यांच्या भांडणात पडू शकत नाही," व्यवस्थापक म्हणाले. त्या माणसाचा राग मला आला नाही. राग आला तो त्या शाईचा. कुणीतरी नंतर बसून, विचार करून ते लिहिलं होतं.

त्याच सुमारास तिथल्या एका मावशींचा फोन आला. नाना घोट गिळेनासे झालेत, औषधही गालातच राहतं, डॉक्टर म्हणालेत की आता फार दिवस नाहीत. हा फोन आला नसता तर मी कदाचित दादाचा राग ओसरण्याची वाट पाहत बसले असते.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून केली. ठाण्यातल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं, केंद्राला फोन लावून नाना आहेत, त्यांची काळजी घेतली जाते, याची खात्री केली आणि सांगितलं, "ही दिवाणी बाब आहे, आम्ही गेट उघडून देऊ शकत नाही." ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तिथेही बोलले. त्यांनी दादाला फोन करून समजावायचा प्रयत्न केला. दादाने फोन ठेवून दिला.

मग कुणीतरी म्हणालं, आईवडिलांसाठी २००७ चा कायदा आहे, प्रांतसाहेबांकडे अर्ज करा. प्रांत कार्यालयात गेले. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा हा कायदा चांगला आहे, पण तो ज्या अडचणीसाठी केलाय ती अडचण आमच्याकडे नव्हती. मुलं सांभाळत नाहीत, खायला घालत नाहीत, औषधपाणी करत नाहीत, घरातून काढलं, अशा वेळी प्रांतांपुढे चालणाऱ्या त्या कायद्याच्या न्यायाधिकरणाकडे जायचं असतं. अर्जही स्वतः ज्येष्ठ नागरिकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने करायचा असतो. आमच्याकडे दादा तर खर्च करतच होता. कोण कुणाला भेटू शकेल याबद्दल त्या कायद्यात वेगळं कलम नाही. तिथल्या अव्वल कारकुनांनी मला हे पाचच मिनिटांत आणि प्रेमाने सांगितलं. माझे दोन आठवडे त्यांनी वाचवले.

कौटुंबिक न्यायालयात जा, असं तर जवळपास सगळ्यांनीच सांगितलं होतं. नावात कुटुंब आहे म्हणून तसं वाटतं. पण तिथे नवराबायकोचे वाद, पोटगी, अज्ञान मुलांचा ताबा हे चालतं. भावाबहिणींमधला, सज्ञान वडिलांच्या भेटीचा वाद तिथे चालत नाही.

राहिलं उच्च न्यायालय. ओळखीच्या एका वकिलांनी हेबियस कॉर्पस सुचवलं, म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका, की माझ्या वडिलांना डांबून ठेवलंय, त्यांना हजर करा. मला ते शब्दच खटकले. नानांना कुणी डांबलं नव्हतं. त्यांना तिथल्या पलंगाची, तिथल्या नर्सची गरज होती. कोमात असलेल्या माणसासाठी घरच्यांपैकी कुणाला पालक नेमण्याचे आदेशही उच्च न्यायालयाने दिलेले आहेत, २०२० साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पत्नीला आपल्या पतीची पालक नेमलं होतं. पण नाना कोमात नव्हते. सकाळी बरे असायचे, संध्याकाळी भ्रमात जायचे.

शेवटी मी पोचले ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, पण वर्षानुवर्षं त्या रस्त्याने जाऊनही मला त्याची पाटी दिसली नव्हती. इथे एक गोष्ट ठळक सांगते, कारण ती फार जणींना माहीत नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिचा नवरा कमावता असो, ती स्वतः कमावती असो, फरक पडत नाही. वकिलाची फी, कोर्ट फी स्टॅम्प, नोटिशीचा खर्च, सगळं त्यात येतं. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. मी एक पानी अर्ज भरला, आधारची झेरॉक्स लावली, आणि मला पॅनेलवरच्या वकील मिळाल्या. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान होत्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई.

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "तुम्हाला काय काय हवंय ते सगळं लिहा." मी लिहिलं. नानांना माझ्या गावाजवळच्या चांगल्या ठिकाणी हलवायचंय. निर्णय घेताना मलाही विचारायला हवं. पेन्शनचा हिशेब मिळायला हवा. मुखत्यारपत्र रद्द व्हायला हवं. आणि भेट. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "यातलं नाना असेपर्यंतच मिळायला हवं असं काय आहे?" मग त्यांनीच पेनाने एकेका ओळीवर काट मारली. शेवटची ओळ राहिली.

एवढंच मागायचं ठरलं. पुढे जे काही लवकर झालं ते या एका निर्णयामुळे झालं असं माझं पक्कं मत आहे. पेन्शनचा हिशेब मागितला असता तर दादाची कैफियत, म्हणजे त्याचं लेखी उत्तर, बँकेच्या पासबुकांसकट आली असती. पालकत्व मागितलं असतं तर वैद्यकीय मंडळ, दाखले, उलटतपासणी. प्रत्येक मागणीबरोबर समोरच्याला उत्तर द्यायला आणखी एक तारीख मिळते. दावा फक्त एवढाच लिहिला, की मी मुलगी आहे, वडील आजारी आहेत, मला त्यांना भेटायचं आहे, आणि प्रतिवादींनी या भेटीत अडथळा आणू नये. 'भेट घडवून द्या' असं न म्हणता 'अडवू नका' असं म्हटलं, हेही मॅडमनी विचार करून केलं होतं. काही करायला लावणारा हुकूम तूर्तास मिळणं अवघड असतं, काही करू नका असा मनाई हुकूम त्या मानाने सोपा.

मुखत्यारपत्राची मला फार धास्ती होती. केंद्रात ते असं दाखवलं होतं जणू नानांचा सगळा जीवच दादाच्या नावावर केलाय. मॅडमनी ते वाचून घेतलं. बँक, पेन्शन, वीजबिल, घरपट्टी. वडिलांना कुणी भेटावं हे ठरवण्याचा अधिकार त्यात कुठेच नव्हता. शिवाय आपल्याकडे मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी शाबूत असेपर्यंतच चालतं. तो भ्रमिष्ट झाला की करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे ते आपोआप संपतं. म्हणजे दादाची बाजू दोन्हीकडून अडत होती. नाना शुद्धीवर आहेत म्हणावं तर त्यांनाच विचारा, आणि नाहीत म्हणावं तर मुखत्यारपत्र उरत नाही.

नानांना दाव्यात प्रतिवादी करायचं का, यावर मॅडमनी एक रात्र विचार केला. केलं असतं तर त्यांना समज कितपत आहे याची चौकशी आधी झाली असती, मग त्यांच्यासाठी कोर्टाने दाव्यापुरता पालक नेमला असता. त्यांच्याविरुद्ध काही मागायचंच नव्हतं. म्हणून प्रतिवादी दोनच, दादा आणि केंद्र.

कागद फारसे नव्हते. माझा शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर वडिलांचं नाव. माझ्या आधीच्या भेटींच्या नोंदी केंद्राच्या रजिस्टरात होत्या, त्यांचे मी कधीतरी सहज काढलेले फोटो. दादाला पाठवलेले मेसेज, सगळे साधे, 'नाना कसे आहेत', 'रविवारी येऊ का'. मॅडमना हे मेसेज फार मोलाचे वाटले. एकाही मेसेजात मी जमिनीचा शब्द काढला नव्हता, आवाज चढवला नव्हता. ज्यांना असा वाद दिसायला लागलाय त्यांना मी हेच सांगते, की लिहिताना प्रत्येक ओळ न्यायाधीश वाचतील असं धरून लिहा, आणि विचारायचं थांबवू नका. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची नोंद राहते.

दावा दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे लागला. त्यासोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या मनाईचा अर्ज, ज्याला कोर्टात सगळे निशाणी ५ म्हणतात. आमच्याकडच्या कोर्टात उभं राहिलेल्या कुणालाही हा शब्द माहीत असेल. दावा वर्षानुवर्षं चालतो, पण निशाणी ५ वर काय होतं त्यावर निम्मं ठरतं. मॅडमनी त्याच दिवशी एकतर्फी हुकूम मागितला. न्यायाधीशांनी दिला नाही. समोरच्याला न ऐकता मनाई देणं हा अपवाद असतो, आणि द्यायची तर कारणं लिहून द्यावी लागतात. पण त्यांनी अर्ज बाजूलाही टाकला नाही. जवळची तारीख दिली आणि नोटीस हमदस्त न्यायची परवानगी दिली. हमदस्त म्हणजे नोटीस आपण स्वतः हातोहात पोचवायची. बेलीफाच्या फेरीची वाट पाहावी लागत नाही. मी स्वतः दादाकडे गेले नाही. मॅडमचा कारकून गेला. वहिनींनी सही करून घेतली आणि त्याला पाणी विचारलं, हे त्याने मला मुद्दाम सांगितलं.

तारखेला दादा वकिलांसह हजर होता. आम्ही एकाच बाकावर, मध्ये दोन माणसं सोडून बसलो होतो. त्याने दाढी केली नव्हती. त्याच्या म्हणण्यात तीन गोष्टी होत्या. मी कागदांवर अंगठा घेईन. मी रडते, त्याने नाना अस्वस्थ होतात आणि रात्रभर झोपत नाहीत. आणि बाहेरून येणाऱ्यांमुळे छातीत जंतुसंसर्ग होतो. पहिली भीती त्याची स्वतःची होती. पण उरलेल्या दोन खोट्या नव्हत्या. नानांना न्यूमोनिया होऊन गेला होता आणि त्या रात्री त्यांच्या उशाशी दादा बसला होता. मॅडमनी हे नाकारलं नाही. प्रत्येक गोष्टीवर अट घाला, आम्हाला मान्य आहे, असं त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांचा खरा प्रश्न वेगळाच होता. "वडिलांना काय वाटतं?" दोन्ही वकिलांनी आपापल्या अशिलाला काय वाटतं ते सांगितलं होतं. कोर्टात येऊ न शकणाऱ्या आजारी माणसाचं म्हणणं नोंदवायला कमिशन नेमता येतं, त्याप्रमाणे त्यांनी एका तरुण वकिलांना कोर्ट कमिशनर नेमलं. सकाळच्या वेळी जावं, केंद्राच्या डॉक्टरांसमोर विचारावं, वादी-प्रतिवादी दोघंही खोलीत नसावेत. सकाळची वेळ लिहून घ्यावी ही विनंती मॅडमची होती. भ्रमात असलेला माणूस दिवसाच्या कुठल्या प्रहरी भेटतो यावर त्याचं सगळं म्हणणं अवलंबून असतं, आणि हे घरच्यांनीच वकिलाला सांगावं लागतं.

त्या सकाळी मी केंद्राच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून होते. आत काय झालं ते अहवालातच वाचलं. 'रुग्णाची प्रकृती क्षीण. बोलणे तुटक, परंतु प्रश्नाचा रोख समजतो.' कमिशनरांनी तेच प्रश्न क्रम बदलून पुन्हा विचारले होते. मुलगा येतो का, याला 'रोज' असं उत्तर होतं. कुणाला भेटावंसं वाटतं, याला नानांनी उत्तर दिलं नाही. पण कमिशनर उठून निघताना नानांनी विचारलं, 'माई आली का?' डॉक्टरांनी पुन्हा विचारल्यावर पुन्हा तेच.

पुढच्या तारखेला दादाच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा धरला. दाव्यात वादीचं नाव वेगळं आहे. माई म्हणजे कोण? रुग्णाची आई असू शकते, दिवंगत पत्नी असू शकते, भ्रमातलं काहीही असू शकतं. युक्तिवाद म्हणून तो बिनचूक होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. घरातल्या नावाचा कागदोपत्री पुरावा कुठून आणायचा? त्यांच्या मनात जुनी पत्रं वगैरे मागवायचं आलं असावं. तेवढ्यात दादा बाकावरून उठला. त्याच्या वकिलांनी त्याला हाताने बसवायचा प्रयत्न केला. "साहेब, माई म्हणजे हीच," तो म्हणाला. "घरात हिला माईच म्हणतात."

न्यायाधीशांनी हुकूम दिला नाही. त्यांनी आम्हाला त्याच इमारतीतल्या मध्यस्थी केंद्रात पाठवलं, आत्ताच्या आत्ता. आधी मध्यस्थीची नोटीस गेली असती तर दादा आला नसता, याची मला खात्री आहे. त्या दिवशी तो आला, कारण तो आधीच खरं बोलून बसला होता.

मध्यस्थ एक निवृत्त न्यायिक अधिकारी होत्या. त्यांनी वकिलांना थोडा वेळ बाहेर बसवलं. दादा पहिल्यांदा बोलला ते अंगठ्याबद्दल नाही. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हा प्रश्न डॉक्टरांनी त्याला एकट्याला विचारला होता, आणि त्याने एकट्याने 'नको' सांगितलं होतं. तो त्याच्याखाली दबून गेला होता. मी आले असते तर मी विचारलं असतं, का नको, म्हणून मी नकोच होते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय की बरं न होणाऱ्या माणसाला आपल्यावरचे असे उपचार नाकारता येतात, आणि तसं आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ पासून दोन साक्षीदार घेऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही केली तरी पुरतं. नानांनी असं काही लिहून ठेवलं नव्हतं. त्यांच्या पिढीत कुणी लिहीत नाही, आणि मग तो सगळा भार जो जवळ राहतो त्याच्या एका 'हो' किंवा 'नको'वर येतो. मी दादाला सांगितलं की मीही नकोच म्हटलं असतं. ते खरं होतं. नानांना नळ्या आवडायच्या नाहीत.

तडजोडीच्या अटी मध्यस्थांनी आमच्यासमोर हाताने लिहिल्या. रोज सकाळी दहा ते अकरा मी भेटायचं. केंद्राची एक परिचारिका किंवा मावशी खोलीत हजर राहील. मी आत जाताना कागद, पेन, शाईचं पॅड नेणार नाही, पिशवी बाहेर ठेवीन. मास्क लावीन, सर्दी-खोकला असेल तर जाणार नाही. मिळकतीचा विषय दोघांपैकी कुणीही नानांसमोर काढणार नाही. प्रकृतीची माहिती केंद्राने दोघांनाही एकाच वेळी द्यायची. दुसऱ्याला कळवल्याशिवाय नानांना कुठेही हलवायचं नाही. आणि डॉक्टरांनी शेवटची वेळ आली असं सांगितलं तर तासाची मर्यादा लागू नाही.

या शेवटच्या दोन अटी मॅडमनी भरीला घातल्या. माझ्या मनात फक्त रोजची भेट होती. अशी तडजोड करणाऱ्या प्रत्येकाने हे लिहून घ्यायलाच हवं, कारण वेळापत्रकात बसणारी भेट कुणीही देतं, प्रश्न येतो तो रात्री तीनला. आम्ही तडजोड पुरसिसवर, म्हणजे ठरलेल्या अटी लिहून कोर्टात द्यायच्या कागदावर, सह्या केल्या, केंद्राच्या वतीने व्यवस्थापकांनीही केली, आणि न्यायाधीशांनी त्याप्रमाणे दावा निकाली काढला. प्रमाणित प्रत निघायला वेळ लागतो, म्हणून रोजनाम्याचा, म्हणजे कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीचा, उतारा आणि पुरसिसची प्रत घेऊनच मी दुसऱ्या सकाळी फाटकावर गेले. त्याच माणसाने फाटक उघडलं. पिशवी मी त्याच्याकडेच ठेवली.

नाना फार बारीक झाले होते. ओठांवर पापुद्रे आले होते, जीभ टाळ्याला चिकटत होती. मावशींनी मला तोंड कसं पुसायचं ते दाखवलं. स्वच्छ गॉजची पट्टी बोटाला गुंडाळायची, कोमट पाण्यात बुडवून नीट पिळायची, थेंबही गळता कामा नये, कारण तो श्वासनलिकेत जातो. आधी गालाच्या आतली बाजू, मग हिरड्या, मग जीभ, मागून पुढे. शेवटी ओठांना थोडं व्हॅसलीन. खायला घालायचा आग्रह करायचा नाही, शरीरालाच नको असतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. मला काहीतरी करायला मिळालं याचं केवढं समाधान होतं. पहिल्या दिवशी नानांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "कपडे वाळले का?" मी म्हटलं, वाळले नाना. मी रडले नाही. दादाने कोर्टात म्हटलं होतं ते माझ्या डोक्यात होतं, आणि ते बरोबरच होतं, त्यांना त्रास झाला असता.

अकरा वाजले की मी उठायचे. कधी कधी दादा त्याच वेळी यायचा. आम्ही दारात एकमेकांना वाट द्यायचो. नंतर नंतर तो विचारायला लागला, आज काही बोलले का. मी सांगायचे.

केंद्राचा फोन पहाटे आला, ठरल्याप्रमाणे दोघांनाही. पाय गार पडले होते, श्वास थांबून थांबून येत होता. मी पोचले तेव्हा दादा आधीच होता. तासाची मर्यादा कुणी आठवलीही नाही. नाना दुपार व्हायच्या आत गेले.

या सगळ्याला माझ्या हिशेबाने एकंदरीत खूप कमी वेळ लागला, कोर्टाच्या मानाने तर फारच कमी. तरीही जेवढा लागला तेवढ्यात नानांचे बोलते दिवस संपत आले होते. म्हणून ज्यांच्या घरी अशी वेळ आलीय त्यांनी रविवार, सणवार, कुणाची मध्यस्थी, यांची वाट पाहू नये. अर्ज तयार ठेवावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं असं समजून लोक थांबतात, पण तातडीच्या कामासाठी सुट्टीतही न्यायाधीश नेमलेले असतात. आणि भेटू देण्याच्या अर्जात भेटीशिवाय काहीही मागू नये, मनात कितीही असलं तरी. हे सांगताना मला माहीत आहे की पेन्शनचा हिशेब विचारणं हाही हक्कच आहे. तो वेगळ्या अर्जात, वेगळ्या दिवशी मागता येतो.

गावच्या घराच्या आणि जमिनीच्या वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे आता अर्ज गेलाय, माझं नाव धरून. दादाने हरकत घेतलीय. मंडळ अधिकाऱ्यांकडे सुनावणी लागेल, तिथे आम्ही दोघंही जाऊ, कदाचित पुढे प्रांतांपर्यंतही. कितीही तारखा लागू देत. त्या कामाची मला घाई नाही.